क्रेडिट कार्डावरील बाकी आणि पत-अहवाल

'बाकी' आणि 'थकबाकी' हे दोन शब्द मराठीच्या हिशेबी व्यवहारात फार पूर्वीपासून भिन्न अर्थांनी वापरले जातात. देणे आहे, परंतु ते फेडण्याची मुदत संपलेली नाही, ती बाकी. मुदत उलटल्यावरही जे फेडले गेले नाही, ती थकबाकी. क्रेडिट कार्डाच्या व्यवहारात हा भेद अनेकदा विसरला जातो, आणि मग दरमहा नियमाने पैसे भरणाऱ्यासही आपला गुणांक का घसरला, हे उमगत नाही. पत-अहवालात या दोन्ही गोष्टींची नोंद स्वतंत्रपणे होते व दोहोंचा परिणामही निराळा असतो. प्रस्तुत लेखात या भेदाचाच विचार करावयाचा आहे.

भारतात व्यक्तींच्या कर्जव्यवहाराची माहिती एकत्र करण्याच्या कार्यास २००० साली मुंबईत स्थापन झालेल्या 'सिबिल' या संस्थेपासून प्रारंभ झाला. २००५ च्या अधिनियमाने या कार्यास कायद्याचे अधिष्ठान दिले. सिबिलप्रमाणेच इक्विफॅक्स, एक्स्पेरियन व क्रिफ हायमार्क या कंपन्यांकडेही बँका आपल्या कर्जदारांची माहिती ठराविक काळाने पाठवितात. या माहितीवरून सिबिल ३०० ते ९०० या मर्यादेत गुणांक काढते. गृहकर्जाच्या अर्जाचा विचार करताना बँक हा अहवाल प्रथम पाहते. म्हणून त्यातील प्रत्येक आकड्यास व्यावहारिक मोल आहे.

उदाहरणादाखल वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करणारा एक तरुण कल्पावा. त्याच्या कार्डाची मर्यादा १,००,००० रुपये आहे आणि बहिणीच्या लग्नानिमित्त त्याने ८०,००० रुपयांची खरेदी केली आहे. मासिक विवरणपत्र १० तारखेस निघते. पैसे भरण्याची अखेरची तारीख २८. तो २७ तारखेस सर्व रक्कम भरतो व त्यास व्याज पडत नाही. तथापि बँकेने कळविलेली माहिती १५ तारखेच्या स्थितीची असेल, तर अहवालात बाकी ८०,००० रुपये हीच दिसेल. थकबाकी शून्य, परंतु मर्यादेचा वापर ८० टक्के! यात बँकेची चूक नाही. ताळेबंद ज्याप्रमाणे एका विशिष्ट दिनांकाची स्थिती दाखवितो, त्याप्रमाणेच अहवालातील बाकीचा आकडा त्या एका दिवसाचा असतो.

वापराचे प्रमाण वाढले की धोका वाढला, असे मानण्यामागील तर्क साधा आहे. ज्याने मर्यादा जवळजवळ संपविली, त्याच्या उत्पन्नात खंड पडल्यास त्याच्यापाशी आधार उरत नाही. हे प्रमाण ३० टक्क्यांच्या आत असावे, असा जो दंडक सांगितला जातो तो कायद्याचा नियम नव्हे, केवळ व्यवहारातील ठोकताळा होय. तसेच या प्रमाणाचा परिणाम मुख्यतः तात्पुरता असतो. बाकी उतरल्याची नोंद पुढील माहितीत आली की तो बराचसा ओसरतो. थकबाकीचे तसे नाही. हप्ता किती दिवस चुकला, याची महिनावार नोंद अहवालात ३६ महिन्यांपर्यंत दिसत राहते.

येथे दोन गैरसमज दूर केले पाहिजेत. किमान रक्कम भरली म्हणजे खाते थकत नाही, हे खरे. परंतु उरलेली बाकी तशीच राहते, तिच्यावर व्याज चढते आणि नव्या खरेदीवरील बिनव्याजी मुदतही जाते. दुसरे असे की, न लागणारे कार्ड बंद केल्याने पत सुधारतेच असे नाही. १,००,००० व ६०,००० रुपये मर्यादेची दोन कार्डे असून पहिल्यावर ४०,००० रुपये बाकी असेल, तर एकूण वापर २५ टक्के होतो. दुसरे कार्ड बंद करताच तोच ४० टक्के होतो.

रिझर्व्ह बँकेने या व्यवहारात ग्राहकाची बाजू काही अंशी सावरली आहे. कार्डाचे देणे तीन दिवसांहून अधिक काळ थकल्याखेरीज ते थकीत म्हणून कळवू नये, असे तिने २०२२ च्या निर्देशांत सांगितले. पूर्वी महिन्याकाठी जाणारी माहिती १ जानेवारी २०२५ पासून किमान दर पंधरवड्यास पाठविण्याचे बंधन आले. त्यामुळे फेड आणि तिची नोंद यांतील अंतर घटले. २०१७ पासून प्रत्येकास वर्षातून एकदा प्रत्येक कंपनीकडून आपला संपूर्ण अहवाल विनामूल्य मागता येतो. त्यातील चुकीविषयीच्या तक्रारीचे निवारण ३० दिवसांत न झाल्यास दररोज १०० रुपये भरपाई देण्याची तरतूदही २०२४ मध्ये अमलात आली.

या तरतुदींचे महत्त्व महाराष्ट्राच्या इतिहासाकडे पाहिले असता अधिक स्पष्ट होते. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथे उसळलेल्या दंग्यात शेतकऱ्यांचा रोख सावकारांच्या दप्तरावर, कर्जरोख्यांवर होता. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य अधिनियमाने सावकारावर पावती व हिशेबाचा उतारा देण्याचे बंधन घातले, ते याच कारणाने. ऋणकोची वही धनकोच्या हाती असते. ती पाहण्याचा आणि दुरुस्त करून घेण्याचा हक्क ऋणकोस असला, तरच व्यवहार न्याय्य ठरतो. आजची वही संगणकात असली, तरी हे तत्त्व बदललेले नाही.

तात्पर्य, कर्जासाठी अर्ज करू इच्छिणाऱ्याने केवळ अखेरच्या तारखेकडे न पाहता, विवरणपत्र निघण्यापूर्वीच शक्य तेवढी बाकी उतरवावी आणि अर्जापूर्वी आपला अहवाल एकदा तपासावा. थकबाकी टाळणे हे कर्तव्य होय. बाकीची तारीख जाणणे हा व्यवहार होय.