प्लास्टिक पाइपचे दिव्यांचे खांब

१४ एप्रिलची जयंती, वैशाख पौर्णिमा आणि अशोक विजयादशमी या तिन्ही दिवशी विहाराच्या अंगणात व मिरवणुकीच्या वाटेवर रोषणाई लागते. दिघीत मात्र हे तीन दिवस तीन तऱ्हांच्या हवेत येतात. एप्रिलमध्ये दुपारनंतर समुद्रावरून खारा वारा सुटतो, वैशाखात वळवाच्या सरीचा नेम नसतो, आणि दसऱ्याच्या सुमारास परतीच्या पावसाने जमीन बरेचदा ओली असते. अशा ओल्या जमिनीत रोवलेल्या लोखंडी नळाला सोललेली वायर टेकली, तर सबंध खांबात वीज उतरते. त्या खांबाला सर्वांत आधी हात लावतात ती लहान मुले. आमचा सारा आग्रह आहे तो एवढ्यासाठीच. पीव्हीसी पाइपमधून वीज वाहत नाही, तो खाऱ्या हवेत गंजत नाही, आणि शाळेतल्या मुलांनाही तो सहज उचलता येतो.

प्रथम बैठक पाहू. पाण्याच्या नळासाठी वापरतात तो ६३ मिलिमीटरचा पाइप साधारणतः ६ मीटर लांबीचा मिळतो. त्याचे २ मीटरचे तीन खांब होतात. याहून उंच करण्याचा मोह टाळावा, कारण वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो, आणि उंच खांब तितक्याच लवकर कलंडतो. रंगाची रिकामी २० लिटरची बादली घ्यावी. तिच्या बुडाला भोक पाडावे आणि त्यावर ७५ मिलिमीटर पाइपचा फूटभर तुकडा मधोमध उभा करावा. तुकड्यात वाळू भरून भोवती सिमेंट, वाळू व खडी १:२:४ या प्रमाणात कालवून ओतावी. पाऊण बादली भरली की वजन ३५ किलोच्या आसपास जाते. सात दिवस पाणी मारल्यावर तुकड्यातील वाळू काढून टाकावी. आता खांब त्यात उभा करायचा आणि फटीत लाकडी पाचर ठोकायची. साचलेले पाणी बुडाच्या भोकातून निघून जाते, आणि कार्यक्रम संपला की खांब उपसून ठेवता येतो. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन तालुक्यात काय केले ते आपण विसरलेलो नाही. तसल्या वाऱ्यात कोणताही घरगुती खांब टिकत नाही. वाऱ्याचा इशारा मिळताच खांब उतरवावेत.

खांबाच्या टोकाला पाइपचे टोपण बसवावे. त्यावर पारदर्शक बरणीचे झाकण स्क्रूने पक्के करावे, आणि आत बल्बचा होल्डर. मग बरणी उलटी धरून झाकणात फिरवली की कंदील तयार. पाणी आत शिरत नाही, बल्बही सहज बदलता येतो. वायर पाइपच्या आतूनच आणावी. खाली गुडघ्याच्या उंचीवर भोक पाडून त्याच्या कडा कानशीने गुळगुळीत कराव्यात, नाहीतर वायरीचे आवरण कापले जाते. येथे जुना पिवळा बल्ब मुळीच लावू नये. पीव्हीसी सुमारे ८० अंशांना मऊ पडते.

विद्यार्थी मित्रांनी पुढचा हिशेब स्वतः करून पाहावा. ५ वॅटचे दहा एलईडी दिवे पाच तास लावले तर पाव युनिट वीज लागते. ६० वॅटच्या दहा जुन्या बल्बांना तीन युनिट लागत. हे दिवे १२ व्होल्टचे घ्यावेत, कारण एवढ्या कमी दाबाच्या तारेला चुकून हात लागला तरी झटका बसत नाही. पण त्याची किंमत मोजावी लागते. त्याच ५० वॅटसाठी २३० व्होल्टला पाव अँपिअरही प्रवाह लागत नाही, १२ व्होल्टला मात्र चारांहून अधिक लागतो. बारीक १ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर ३० मीटर ओढली, तर शेवटच्या दिव्यापर्यंत दोन व्होल्टहून जास्त दाब वाटेतच गळतो आणि टोकाचे दिवे मंद होतात. उपाय दोन आहेत: अडीच चौरस मिलिमीटरची वायर घ्यावी, किंवा रांगेच्या मधोमध वीज द्यावी. दुसरा स्वस्त पडतो.

२३० व्होल्टचे १२ करणारा अडॅप्टर विहाराच्या आत, कोरड्या जागी, मुलांच्या हाताबाहेर ठेवावा. त्याच्या आधी ३० मिलिअँपिअरचा गळती-रोधक स्विच असावा आणि १२ व्होल्टच्या बाजूला फ्यूज. वीज विहाराच्या मीटरवरून किंवा महावितरणकडून तात्पुरती जोडणी घेऊनच वापरावी. तारेवर आकडा टाकणे हा २००३ च्या विद्युत कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे गुन्हा आहे, आणि आकड्यावर जीवही जातो. वीज गेलीच, तर ४० अँपिअर-तासांची बॅटरी अर्धी वापरून हे दहा दिवे जवळपास पाच तास चालतात. तेथेही फ्यूज विसरू नये.

रंगाचे म्हणाल तर पाइप आधी पॉलिश पेपरने घासावा, नाहीतर रंगाचे पापुद्रे निघतात. निळा, पिवळा, लाल, पांढरा, केशरी असे पंचरंगी ध्वजाचे पट्टे उठून दिसतात. हा ध्वज १८८५ साली श्रीलंकेत वैशाख पौर्णिमेला प्रथम फडकला. रंगाचा आणखी एक उपयोग आहे. कडक उन्हाने पाइप ठिसूळ होतो, त्याला तेवढाच आडोसा मिळतो. पावसाळ्यात खांब आडवे करून सावलीत ठेवावेत, उभे टेकवले तर वाकतात. उरलेले तुकडे मात्र चुलीत किंवा शेकोटीत घालू नयेत, त्यातून हायड्रोजन क्लोराइडचा विषारी धूर निघतो. ते भंगारवाल्याला द्यावेत.