घडीच्या सायकलीचें नवें हँडल आणि तारांची लांबी

सायकल ही वस्तुतः एकाच मनुष्याच्या मापाची असावयाची. पण एकत्र कुटुंबांत ती तशी कधींच राहत नाहीं. काकांची सायकल पुतण्या नेतो, पुतण्याची त्याची बहीण नेते. जुन्या काळ्या सायकलींवर बैठक वरखालीं केली कीं काम भागत असे. त्यांचे ब्रेक लोखंडी दांड्यांचे, आणि हँडल बदलण्याची कल्पनाही कोणाच्या मनांत येत नसे. अलीकडे घडीच्या सायकली घरांत आल्या आहेत. ज्याची कंबर दुखते तो गृहस्थ उंच हँडल बसवून घेतो, तरुण मुलास सखल हवें असतें. हँडल बदलणें सोपें. परंतु त्याबरोबर ब्रेकच्या व गियरच्या तारांची लांबीही पुन्हा ठरवावी लागते, हें पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. घाटउतारावर ज्या तारेच्या हवालीं जीव करावयाचा, तिच्याविषयीं ही उपेक्षा आम्हांस बरी वाटत नाहीं.

उदाहरणादाखल लंडनची ब्रॉम्प्टन सायकल घेऊं. अँड्र्यू रिची या इंजिनियरानें १९७० नंतरच्या दशकांत ती रचिली, आणि आपल्या बिऱ्हाडाच्या खिडकींतून दिसणाऱ्या ब्रॉम्प्टन ऑरेटरी या चर्चावरून तिचें नांव ठेविलें. चाकें सोळा इंचीं. मागचें चाक पोटाखालीं वळतें, मधली चौकट बिजागरीवर दुमडते, आणि शेवटीं हँडलचा खांब खालीं पडतो. हिचीं हँडलें निरनिराळ्या उंचीचीं मिळतात; सखल व उंच यांत सुमारें पांच इंचांचें अंतर पडतें, आणि म्हणूनच कारखान्यानें प्रत्येक हँडलासाठीं तारा वेगवेगळ्या मापाच्या ठेविल्या आहेत.

या तारेची रचना समजल्यावांचून पुढचें सर्व व्यर्थ आहे. अर्नेस्ट मॉनिंग्टन बाउडन यानें १८९६ सालीं तिचें पेटंट घेतलें. आंत पीळदार पोलादी तार आणि बाहेर वांकणारी पण न दबणारी नळी, ज्यांस दुकानदार अनुक्रमें ‘इनर’ व ‘आउटर’ म्हणतात. आपण लिव्हर दाबला म्हणजे इनर ओढली जाते, एवढेंच आपणांस दिसतें. परंतु आउटर तितक्याच जोरानें उलट ढकलीत असते, तें दिसत नाहीं. इनर कमीजास्त करणें सोपें आहे, टोकाचा बोल्ट सैल केला कीं झालें. खरी लांबी ती आउटरची. ती चुकली तर इनर कितीही ताणा, काम साधावयाचें नाहीं.

उंच हँडलास जुनी आउटर तोकडी पडते. मग हँडल पूर्ण वळवितांच ती आपल्या खोबणींतून उपटूं पाहते, आणि न दाबतांही ब्रेक लागतो. सखल हँडलास ती लांब होते व तिचा मोठा फांस बाहेर लोंबतो. आमच्या शहरांतील एका दुकानांत आमच्या एका नातलगाच्या सायकलीस सखल हँडल बसविलें, आणि उरलेला फांस प्लास्टिकच्या पट्टीनें खांबाशीं बांधून दिला. तिसऱ्या-चौथ्या घडीसच तो बिजागरींत सांपडून चेपला, आणि पुढचा ब्रेक एकदां दाबला कीं सुटेना. कामाचे पैसे मात्र चोख घेतले होते.

साध्या सायकलीस हँडल उजवीकडे व डावीकडे पूर्ण वळवून पाहिलें कीं माप मिळतें. घडीच्या सायकलीस तेवढें पुरत नाहीं. खांब पडतांना बिजागरीपाशीं तारेची वाट बदलते. उघड्या स्थितींत जी नळी बेताची दिसते, तीच घडी घालतांना अपुरी पडते. म्हणून नवें हँडल बसवावें, लिव्हर आपल्या जागीं घट्ट करावे, आणि आउटरच्या जागीं जुन्या नळीचा एखादा लांब तुकडा दोऱ्यानें बांधून पाहावा. सुतळी चालणार नाहीं, कारण नळीसारखी ती कमानीनें वळत नाहीं. मग हँडल दोन्ही अंगांस फिरवावें, सबंध घडी घालावी, उघडावी, पुन्हा घालावी. ज्या स्थितींत सर्वांत अधिक लांबी लागेल, तीच लांबी खरी. तींत बोटभर सैल ठेवून खूण करावी. अर्धी मात्रा वांचली तरी वैयाकरणास पुत्रजन्माचा आनंद होतो म्हणतात; येथें अर्धा इंच वांचविणारास नवी नळी आणावयास पुन्हा बाजारांत जावें लागतें.

नळी विकत घेतांना एक भेद अवश्य पाहावा. ब्रेकची आउटर स्प्रिंगसारखी वेटोळ्यांची असते, तर हल्लींच्या पुष्कळ गियरच्या नळ्यांत तारा लांबीच्या दिशेनें उभ्या असतात. बाहेरून दोन्ही सारख्याच काळ्या. गियरची नळी ब्रेकला घातली तर जोरानें दाबतांना ती फुटण्याचा संभव असतो, आणि तो जोराचा प्रसंग म्हणजे नेमका पुढें मूल किंवा बैल आडवा येण्याचा.

कापण्यास तारेचा कटरच हवा. पकडीनें तोंड चेपतें. कापल्यावर टोक कानशीनें सपाट करून आंतील अस्तराचें भोंक दाभणानें मोकळें करावें व टोपी बसवावी. इनर शक्यतों नवीच घालावी, कारण जुनीस बोल्टाखालीं चेपण पडलेली असते. ॲडजस्टरचा स्क्रू जवळजवळ पूर्ण आंत ठेवून मग बोल्ट आवळावा, म्हणजे पुढें ताणण्यास जागा राहते. नंतर लिव्हर दहा-वीस वेळां जोरानें दाबावा. टोप्या खोबणींत बसतात व तार ढिली पडते. ती पुन्हा ओढून घ्यावी. सर्व शक्तीनें दाबूनही लिव्हर हँडलास टेकतां कामा नये, आणि सोडल्यावर रबर रिमपासून एक-दोन मिलिमीटर दूर राहिलें पाहिजे.

गियर स्टर्मी-आर्चर जातीचा तीन गतींचा असेल तर तारेचा ताण दुसऱ्या गतीवर पाहावा. मागच्या चाकाच्या नटास जें भोंक असतें, त्यांतून आंतील गजाचा खांदा अक्षाच्या टोकाशीं समतल दिसला पाहिजे. हें कंटाळवाणें वाटेल. परंतु या जातीच्या जुन्या नमुन्यांत ताण चुकल्यास दुसऱ्या व तिसऱ्या गतीच्या मध्यें पायडल एकाएकीं मोकळें फिरतें, आणि उभें राहून पाय मारणारा तोंडघशीं पडतो.

तारा बदलतांना पुढचामागचा ब्रेक हातांत उलटसुलट होणार नाहीं, इकडेही लक्ष असावें. आपल्याकडे व इंग्लंडांत सामान्यतः उजव्या हातास पुढचा ब्रेक असतो, युरोपखंडांत बहुधा डाव्या. कोणी हौसेनें बदल केलाच, तर घरांत जे जे ती सायकल नेतात त्या सर्वांस सांगावें. मुलींस व सुनांसही, कारण भाजीस सायकल बहुधा त्याच नेतात. आठ दिवसांनीं ताण पुन्हा तपासावा. मापाचा तो जुना तुकडा मात्र टाकूं नये, खुणेसह खिळ्याला अडकवून ठेवावा. पुढच्या वर्षीं दुसऱ्या कोणाची कंबर दुखूं लागेल, तेव्हां तो लागेल.