दोन ग्रहांची पुढची गोष्ट

प्रोग्रेसिव्ह रॉक जन्माला आलं इंग्लंडमध्ये, पण त्याचे लाड झाले इटलीत. 'व्हॅन डर ग्राफ जनरेटर' या इंग्लिश बँडचा 'पॉन हार्ट्स' हा अल्बम मायदेशी फारसा कुणी विचारला नाही. इटलीत तो १९७२ साली विक्रीत पहिल्या क्रमांकावर गेला. ऑपेरावर पोसलेल्या कानांना लांबलचक, नाट्यमय रचनांचं वावडं नव्हतं. मग मिलानमधून 'पीएफएम', रोममधून 'बँको' आणि व्हेनिसच्या बाजूने 'ले ओर्मे' हे बँड पुढे आले.

'ले ओर्मे'चा १९७३चा 'फेलोना ए सोरोना' म्हणजे जेमतेम तेहेतीस मिनिटांची अंतराळकथा. एक ग्रह उजळ, सुखी, दुसरा अंधारात. पुढे पारडं उलटतं आणि अखेर दोन्ही शून्यात विरतात. त्याच्या इंग्रजी आवृत्तीचे शब्द 'व्हॅन डर ग्राफ'च्याच पीटर हॅमिलने लिहिले. दशक सरता सरता ही लाट ओसरली, आणि हे अल्बम संग्राहकांच्या कपाटात जाऊन बसले.

चाळीस वर्षांनी, २०१३ साली, जेनोव्हाच्या 'ला मास्केरा दि चेरा' या बँडने ती गोष्ट पुढे नेली. अल्बमचं नाव 'ले पोर्ते देल दोमानी'. बासवादक फाबियो झुफान्ती हा या बँडचा कणा. १९९०च्या दशकात 'फिनिस्तेरे' बँडमधून तो पुढे आला, आणि 'मास्केरा' त्याने उभा केला तोच सत्तरच्या दशकातला आवाज परत आणायला. सुरुवातीच्या अल्बममध्ये तर इलेक्ट्रिक गिटारलाही जागा नव्हती. सगळा भार कीबोर्ड आणि बासरीवर.

आता असल्या जुन्या वळणाच्या संगीताबद्दल माझ्या मनात कायम एक अढी असते. मेलोट्रॉन वाजवला की झालं 'विंटेज', असा अनेकांचा समज दिसतो. या वाद्याच्या प्रत्येक पट्टीखाली ध्वनिमुद्रित फीत असते. पट्टी दाबली की ती सरकते आणि आठेक सेकंदांत संपते. त्यामुळे सूर हवा तेवढा लांबवताच येत नाही, चाल त्या बेताने बांधावी लागते. 'मास्केरा'च्या आगोस्तिनो माकोरला हे पक्कं कळतं. त्याचा मेलोट्रॉन आणि हॅमंड ऑर्गन शोभेसाठी येत नाहीत. एक चाल संपवून दुसरीला वाट करून देतात. आंद्रेआ मोनेत्तीची बासरीही तशीच, गरजेपुरती.

खरा फरक गळ्याचा. 'ले ओर्मे'च्या आल्दो तालियापिएत्राचा आवाज पातळ, जवळजवळ पोरसवदा. 'मास्केरा'चा आलेस्सांद्रो कोर्वालिया भरदार छातीने गातो. मूळ अल्बममधलं कोवळेपण त्यामुळे हरवतं, हे मान्य करायलाच हवं. पण बँडने तालियापिएत्राची नक्कल करणारा गायक शोधला असता तर नुसतं सोंग झालं असतं. हलक्या चालींत कोर्वालियाने स्वतःला थोडं आवरायला हवं होतं, एवढंच म्हणेन. जोरकस जागी मात्र तो अल्बम खांद्यावर पेलतो. गिटारही इथे आहे, आणि ती आल्याने चाली मोकळ्या झाल्यात. जुन्या चाहत्यांना ते रुचो न रुचो, मला रुचलं.

गंमत अशी, की २०१६ मध्ये 'ले ओर्मे'ने स्वतःच 'फेलोना ए सोरोना' नव्याने मुद्रित केला. 'मास्केरा'चा पुढचा अल्बम, 'एस.ई.आय.', २०२० साली आला. त्यात तीनच दीर्घ रचना आहेत. नवख्याने तिथून सुरुवात करू नये. आधी १९७३चा मूळ अल्बम, लगोलग 'ले पोर्ते देल दोमानी', तेही एका बैठकीत. दोन्ही मिळून दीड तासही लागत नाही.