आधी त्यांना वाचू द्या
लिहित्यांसाठी लेखमाला : भाग ६

तुळजापूरहून सोलापूर जेमतेम पंचेचाळीस किलोमीटर. पण सप्टेंबर १९४८पर्यंत या वाटेवर सरहद्द होती. अलीकडे निजामाचं हैदराबाद संस्थान, पलीकडे इंग्रजांचा, आणि १९४७नंतर स्वतंत्र भारताचा मुलूख. आज धाराशिव जिल्ह्यातल्या एका पारधी घराण्यावर कादंबरी लिहिणारा लेखक आजोबांच्या प्रकरणात सहज लिहून जातो की, गावात इंग्रज फौजदार हजेरी घ्यायला यायचा. तो तिथंच चुकतो. या बाजूला पोलीस निजामाचे होते. इंग्रजांनी ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींना जिथं कोंडलं, त्या काटेरी तारांच्या सेटलमेंटची आठवण सोलापूरची, आणि ती ज्या घरांत आहे त्या घरांना सरहद्दीची कोणती बाजू आपली, हे नीट ठाऊक आहे.

दुसरी चूक जातीच्या दाखल्याची. कैकाडी समाज विदर्भातल्या नागपूर, अकोला, अमरावती अशा काही जिल्ह्यांत अनुसूचित जातीत मोडतो. मराठवाड्यात तोच समाज विमुक्त जातींत येतो. पारधी मात्र अनुसूचित जमातीत. कथेतल्या कैकाडी मुलाला मराठवाड्यातल्या कळंबच्या तहसीलमधून अनुसूचित जातीचा दाखला मिळवून दिला, की त्या समाजातला वाचक तिथंच पुस्तक मिटतो. दाखल्यापायी त्याच्या घरच्यांनी किती हेलपाटे घातलेत, हे लेखकाला माहीतच नाही, असं त्याला वाटतं. आणि ते खरंच असतं.

अशा जागा छपाईआधी दाखवून देणाऱ्या माणसाला इंग्रजी प्रकाशनव्यवहारात ‘सेन्सिटिव्हिटी रीडर’ म्हणतात. ज्या समाजाबद्दल लिहिलंय त्या समाजातला, पैसे घेऊन हस्तलिखित वाचणारा माणूस. २०२३मध्ये रोआल्ड डालच्या बालपुस्तकांत पफिन प्रकाशनानं केलेले बदल उघड झाल्यावर या कामाची बरीच बदनामी झाली. पण ते बदल लेखकाच्या मृत्यूनंतर तीस वर्षांहून अधिक काळानं झाले होते. लेखक हयात आहे, पान अजून कच्चं आहे आणि शेवटचा शब्द त्याचाच आहे, तेव्हा गोष्ट पार वेगळी असते.

मराठीला हे अगदीच परकं नाही. नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’ला (१९७२) प्रस्तावना लिहिण्याआधी विजय तेंडुलकर ढसाळांबरोबर मुंबईतल्या गोलपिठा वस्तीत फिरले, न कळलेले शब्द त्यांनी कवीलाच विचारले. तेव्हा तेंडुलकरांचं नाव मोठं होतं आणि ढसाळांचा तो पहिला संग्रह. तरी विचारणारे तेंडुलकर होते.

पुढं लिहिणारेच बदलले, भटक्या-विमुक्त समाजांतली माणसं स्वतः लिहू लागली. लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ १९८०मध्ये आलं, लक्ष्मण गायकवाड यांचं ‘उचल्या’ १९८७मध्ये. गायकवाडांचं धनेगाव लातूर तालुक्यातलं, आणि १९८२मध्ये लातूर वेगळा होईपर्यंत तो भाग उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातच होता. दोन्ही पुस्तकांना साहित्य अकादमी पुरस्कार मिळाले. त्यामुळं ‘आम्हाला काय माहीत’ ही सबब उरलेली नाही. ही पुस्तकं आधी वाचावीत. छापलेलं सगळं पुन्हा वाचकाच्या तोंडून वदवून घेणं म्हणजे त्याचा वेळ फुकट घालवणं. बाहेरच्या माणसानं लिहूच नये, असा याचा अर्थ नाही. तुळजापूर तालुक्यातल्या यमगरवाडीत भटक्या-विमुक्तांच्या मुलांसाठी शाळा उभी करण्यात वाटा असलेले गिरीश प्रभुणे स्वतः पारधी नाहीत. ‘पारधी’ हे पुस्तक त्यांनी वर्षानुवर्षं त्या समाजात वावरून लिहिलं. सगळ्यांना एवढं आयुष्य देता येत नाही. ज्यांना येत नाही त्यांनी निदान त्या समाजातला वाचक नेमावा.

तो केव्हा नेमायचा? पहिला खर्डा झाल्यावर, संपादनाच्या आधी. पुस्तक छपाईला जाताना विचारलं, तर उरतं फक्त शिक्कामोर्तब. प्रश्नही नेमके हवेत: पालावरच्या या भांडणात सून सासऱ्यासमोर असं बोलेल का? चोरीचा आळ आल्यावर घरातलं कोण आधी पळेल, कोण मागं थांबेल? पुण्यात स्थिरावलेल्या पारधी प्राध्यापकाला बाळंतपणाचं प्रकरण दाखवून भागणार नाही. ते वस्तीवरच्या बाईनं वाचावं, वाचता येत नसेल तर तिला वाचून दाखवावं. आणि एकानं ‘ठीक आहे’ म्हटलं म्हणून सगळ्या समाजानं मान डोलावली, असं पुढं कुठं सांगू नये.

पैशाचं मात्र स्पष्ट बोलायला हवं. मुद्रितशोधकाला पानामागे पैसे मिळतात, मुखपृष्ठकाराला मानधन मिळतं. आपल्या घरातलं दुःख उलगडून सांगणाऱ्याच्या वाट्याला ऋणनिर्देशातली एक ओळ येते. हा अन्याय आहे आणि प्रकाशकांनी तो थांबवायला हवा. रक्कम आधी ठरावी, कागदावर यावी, आणि लेखकानं सूचना मानल्या नाहीत तरी ती द्यावी.

नावाचंही तसंच. आभार म्हणून नाव छापणं लेखकाला सौजन्य वाटतं, पण घरातली गोष्ट बाहेर सांगितली म्हणून जातपंचायत त्या माणसाला जाब विचारू शकते. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा २०१६चा, लागू झाला जुलै २०१७मध्ये. तरी तक्रार करायला बहुतेकदा त्या माणसाला किंवा त्याच्या घरच्यांनाच पुढं यावं लागतं. म्हणून नाव छापायचं की नाही, हे त्याच्याकडून लेखी घ्यावं, आणि पुस्तक छपाईला जाण्याआधी पुन्हा एकदा विचारावं.