आरेवाडीच्या बनातील धनगरी ओवी : अर्ध्या शतकाचा मागोवा

सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी पूर्वभागात, कवठे महांकाळ तालुक्यात ढालगावजवळ असलेले आरेवाडीचे बिरोबाचे बन हे धनगर समाजाचे जुने आणि मोठे श्रद्धास्थान असून चैत्रातील यात्रेत तेथे जे गायन रंगते त्याला धनगरी ओवी म्हणतात. जात्यावरच्या ओवीशी तिचे नाव जुळत असले तरी प्रकृती वेगळी आहे. ती पुरुषांनी समूहाने, ढोलाच्या साथीने गायिलेली दीर्घ कथा असते. सुरवंतीच्या पोटी बिरोबाचा जन्म, कामाबाईशी त्याचे लग्न आणि त्याच्या ठाण्याची प्रतिष्ठा असा त्या कथेचा विस्तार आहे. हाच देव सीमेपलीकडे बीरप्पा किंवा बीरेश्वर या नावाने कुरुब समाजात पुजला जातो, त्यामुळे या परंपरेचा विचार मराठी मुलुखापुरता करता येत नाही.

ओवीची सुरुवात सुंबरानाने होते. सुंबरान म्हणजे देवाचे स्मरण, आणि ते मांडल्याशिवाय कथेला हात घालायचा नाही असा दंडक आहे. खांद्यावर घोंगडी आणि कपाळी भंडारा असलेला म्होरक्या कानाशी हात नेऊन चढ्या आवाजात ओळ टाकतो, मागचे गडी ती उचलून पुन्हा म्हणतात, आणि असे काही काळ चालल्यावर ढोल एकाएकी थांबतो व गायिलेला प्रसंग साध्या बोलीत सांगितला जातो. या गद्य निवेदनाला सपादणी म्हणतात. ती गाण्याचा नुसता अर्थ सांगत नाही, तर पात्रांना बोलायला लावते, नातीगोती उलगडते आणि कथा पुढच्या मुक्कामाला नेऊन सोडते, जेथून गाणे पुन्हा ती हाती घेते. गाणे आणि सपादणी यांच्या या आलटूनपालटून चालण्यातच ओवीचे खरे बळ आहे, आणि त्यासाठी अख्खी रात्र लागते.

अशी रात्र मेंढपाळाच्या जगण्यातच उपलब्ध होती. पावसाळा सरला की वाडा, म्हणजे मेंढरे आणि बिऱ्हाडासह चालणारा कुटुंबांचा तांडा, चाऱ्याच्या शोधात पश्चिमेकडे उतरे. वाटेत शेतकरी खतासाठी मेंढरे रानात बसवून घेत आणि बदल्यात धान्य देत. कळपाच्या राखणीला रात्री जागे राहावे लागे, आणि त्या जागरणात लहान पोरे ओवी ऐकत ऐकत पाठ करीत.

या वाङ्मयाकडे अभ्यासकांचे लक्ष वळवण्याचे मोठे श्रेय हायडेलबर्ग विद्यापीठातील जर्मन संशोधक गुंथर सोन्थायमर (1934–1992) यांना जाते. धनगरांमध्ये राहून त्यांनी ओव्या ध्वनिमुद्रित केल्या आणि बिरोबा, म्हस्कोबा व खंडोबा या दैवतांवरील त्यांचा जर्मन ग्रंथ 1976 मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचा इंग्रजी अनुवाद ॲन फेल्डहाऊस यांनी 1989 मध्ये केला. पुढे 2014 मध्ये फेल्डहाऊस, रामदास आटकर आणि राजाराम झगडे यांनी सोन्थायमर यांच्या संग्रहातील बिरोबा आणि धुळोबा यांच्या कथा सपादणीसह इंग्रजीत आणल्या. ग्रामीण कथेकऱ्याच्या तोंडच्या गद्याला पद्याइतकाच मान मिळाला, ही या कामाची मोलाची बाजू आहे.

दरम्यान तालुक्याची जमीनच बदलत होती. म्हैसाळ उपसा सिंचन योजनेने कृष्णेचे पाणी या भागात आणले, माळरानावर द्राक्षबागा उभ्या राहिल्या आणि दुष्काळाने पिचलेल्या गावांना दिलासा मिळाला, पण चराऊ पड मात्र आक्रसली. मेंढरे कमी करून शेतीकडे, नोकरीकडे वळलेल्या घरांत मुले शाळेत गेली, जे सर्वार्थाने योग्यच झाले. तथापि ओवीची रात्रशाळा तिथेच तुटली.

याच काळात गजी पुढे आले. गजी म्हणजे ढोल आणि कैताळ, अर्थात झांजेसारखे मोठे टाळ, यांच्या ठेक्यावर हाती रुमाल घेऊन पुरुषांनी रिंगणात केलेला नाच. तो डोळ्यांना भावतो, भाषा न कळणाऱ्यालाही खिळवतो आणि युवक महोत्सवाच्या रंगमंचावर मिळणाऱ्या मोजक्या मिनिटांत नेटका बसतो, म्हणून मिरवणुका आणि स्पर्धा यांनी त्याला आपलेसे केले. ओवीला ती सवलत नाही. आधी कॅसेट आणि नंतर मोबाइल यांनी तिचे चढते, तालबद्ध तुकडे उचलले आणि सपादणी गाळली, कारण ढोल थांबल्यावरचे बोलणे तुकड्यात विकत नाही. रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद ठेवण्याच्या 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी जाहीर कार्यक्रमांचा वेळही आखडला, आणि 2020 व 2021 या करोनाच्या वर्षांत तर यात्राच थांबल्या.

तेव्हा ओवी मरते आहे असे सरसकट म्हणणे चुकीचे ठरेल; बनात भंडारा उधळला जातो, ढोल घुमतात आणि सुंबरानही मांडले जाते. झिजते आहे ती सपादणी. सुरवंतीचे दुःख तपशिलाने सांगणारा, मध्येच थांबून नवख्या श्रोत्याला नाते समजावणारा कथेकरी तयार व्हायला अनेक वर्षांची जागरणे लागतात. अशा कथेकऱ्यांकडून संपूर्ण कथा, गाण्यासह आणि गद्यासह, सलग मुद्रित करून घेण्याचे काम जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या मराठी विभागांच्या आवाक्यातले आहे, आणि त्यासाठी चैत्रातील बनाइतकी सोयीची जागा दुसरी नाही.