पुण्याची आई, दुबईची लेखिका

अवनी दोशी यांचा जन्म न्यू जर्सीतला, आजोळ पुण्याचं. २०२० साली ‘बर्न्ट शुगर’ बुकरच्या लघुयादीत आली तेव्हा त्या दुबईत राहत होत्या. कादंबरी मात्र पुण्यात घडते. अंतरा लहान असताना तिची आई तारा संसार सोडून तिला आश्रमात घेऊन जाते. पुढे मायलेकी पूना क्लबबाहेर भीक मागतात. आता ताराची स्मृती जाते आहे, आणि जिने आपल्याला कधी सांभाळलं नाही तिचंच सगळं अंतराला करावं लागतं आहे.

दोशींच्या आजोळच्या काही माणसांचा ओशो आश्रमाशी संबंध होता. आजीला अल्झायमर झाला. तरीही हे आत्मचरित्र नाही, असं त्या सांगतात. माझा त्यांच्यावर विश्वास आहे. घरातून त्यांनी परिसर घेतला, आजार घेतला. अंतराचा संताप कल्पनेतून घडवला. ‘श्यामची आई’ वाचून वाढलेल्या आपल्याला हा संताप झेपत नाही, म्हणून आपण कादंबरीत लेखिकेची खरी आई शोधत बसतो. पुरुषाच्या कादंबरीची अशी झडती क्वचितच घेतली जाते.

घर एकीकडे, मुळं दुसरीकडे, हे दोशींसारखंच अमिरातीत लाखोंचं जगणं आहे. परदेशी आईबापांचं मूल तिथे जन्मलं म्हणून नागरिक होत नाही. वडिलांच्या व्हिसावर मुलग्याला साधारण पंचविशीपर्यंतच राहता येतं. अविवाहित मुलीला वयाची अट नाही. सवलत खरी, पण मुलगी लग्नापर्यंत बापाच्या आधारानेच राहणार, हे त्यात गृहीत धरलेलं आहे.

अबुधाबीत वाढलेल्या दीपक उन्नीकृष्णन यांनी ‘टेम्पररी पीपल’मध्ये (२०१७) हे अधांतरी जगणं अद्भुताच्या अंगाने लिहिलं. त्यात एक कामगार चक्क पासपोर्ट होतो. इमारतींवरून पडलेल्या मजुरांची तुटलेली शरीरं एक मल्याळी बाई रात्री जोडत फिरते. मलयाळम आणि अरबी शब्द त्यांच्या इंग्रजीत बेधडक येतात.

दुबई-शारजात मराठी घरं पुष्कळ आहेत. तिथे जन्मलेली, तिशीतही वडिलांच्या व्हिसावर राहणारी, घरी मराठी आणि बाहेर हिंदी-इंग्रजी बोलणारी मुलगी आपल्या आईबद्दल, तिने सोडलेल्या नोकरीबद्दल आणि तिच्यावरच्या रागाबद्दल काय लिहील? ती कादंबरी मला मराठीत वाचायची आहे.