वैद्याची रजा

दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवण्याची पुणेरी रीत विनोदाचा विषय झाली आणि २०१७ मध्ये चितळे बंधूंनीही ती मोडली. (ग्रीष्माखेरीज दिवास्वाप शास्त्रास सामान्यतः संमत नाही, हे व्यवसायबंधूंस सांगणे नको.) त्याच वर्षीच्या राज्याच्या कायद्याने आस्थापना वर्षभर खुल्या ठेवण्याची मुभा दिली, कामगारांची साप्ताहिक सुटी कायम राहिली. मालकाच्या सुटीचा विचार मात्र मालकानेच करावयाचा.

औषधालय सहायक काही दिवस सांभाळू शकतो. आरंभिलेले शोधन वैद्यास मध्येच सोडता येत नाही. स्नेहपान तीन ते सात दिवस, मग अभ्यंग-स्वेदन, प्रधान कर्म आणि प्रवर शुद्धी झाल्यास सात दिवसांचा संसर्जनक्रम, म्हणजे पंधरवडा सहज उलटतो. सबब रजेपूर्वी तीन आठवडे नवा रुग्ण शोधनास घेऊ नये. आपण बहुतेक सारे दिवाळीत दवाखाना बंद ठेवतो. पण दिवाळी येते शरदात आणि शरद हा विरेचनाचा काळ. आमच्या मते वासंतिक वमनांचे संसर्जन आटोपल्यावर, मे महिन्यात आठवडाभर जाणे अधिक सोयीचे. नित्य काढा घेणाऱ्यांस तेवढ्या दिवसांची भरड आधीच द्यावी आणि दारावरील पाटीवर पर्यायी वैद्यांचा दूरध्वनी क्रमांक, त्यांच्या संमतीने, लिहावा.